आखाजीला सालदाराची बायको कुठे असते?

वाड्यातली लेक आणि तबेल्यातला पोरगा यांच्या प्रेमाची एक ऐतिहासिक लघुकादंबरी परवा एका बैठकीत वाचून काढली. भाषा देखणी. लुगडी, दागिने, दिवाणखाना, सगळं बारकाईनं लिहिलंय. पण त्या पोराला महिन्याला काय मिळायचं, तो कोणाचं देणं लागत होता, त्याची भाकरी कोण वाढायचं आणि कुठे बसून तो खायचा, यावर अख्ख्या पुस्तकात एक ओळ नाही. मग ही दोघं ज्या भिंतीवर डोकं आपटतात, ती मला दिसायची कशी?

माझे आजोबा अमळनेर तालुक्यात सालदार होते. वर्षाच्या बोलीवर एकाच मालकाच्या शेतात राबायचं. साल संपायचं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि नवं ठरायचं तेही त्याच दिवशी. थोडे पैसे, थोडं धान्य, त्यातून आधी घेतलेली उचल वळती. उचल फिटली नाही तर पुढचं सालही त्याच दारात. आजोबांनी लग्नासाठी उचल घेतली होती. ती फेडण्यात चार सालं गेली, असं आजी सांगायची. स्वतःच्या लग्नासाठी ज्याला मालकापुढे हात पसरावा लागतो, तो मालकाच्याच लेकीकडे मान वर करून बघतो तेव्हा त्याच्या पोटात काय कालवत असेल? ते लिहा ना!

आणि खानदेशात तर हा प्रसंग रचावाही लागत नाही. आखाजीला लेकी माहेरी येतात. गौराई बसते, निंबाला झोके बांधतात, गाणी रंगतात. त्याच अंगणात, त्याच दिवशी, ओट्यावर मालक बसलेला आणि खाली उभ्या असलेल्या गड्याच्या वर्षाचा हिशेब चाललेला. ती झोक्यावरून बघतेय की याची बोली किती रुपयांवर तुटली. एवढ्या एका दुपारवर सगळी लघुकादंबरी तोलता येईल.

नायिकेचं वय हे माझं दुसरं दुखणं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आणि वीस वर्षांची बिनलग्नाची लेक! बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या खात्यापित्या घरातल्या, त्यांचं लग्न तेराव्या वर्षी झालं. १९२९ च्या सारडा कायद्यानंसुद्धा मुलीचं वय चौदाच धरलं होतं. म्हणजे झोक्यावरची ती लेक एकतर कोणाची तरी सून असणार, नाहीतर विधवा होऊन माहेरी परतलेली. विधवेचा पाट लावायची, म्हणजे तिचं दुसरं लग्न करायची रीत बऱ्याच जातींत होती, पण जातीतल्या जातीत. ओटा आणि अंगण यांच्यामधल्या तीन पायऱ्यांत पैसाही असतो आणि जातही असते. दोन्ही वेगळे काढून ‘गरीब-श्रीमंत’ एवढंच लिहिलं की गोष्ट गुळमुळीत होते.

पळून जायला वाटही होती. अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली, तिथे रोख पगार मिळायचा आणि कोणाच्या अंगणात उभं राहावं लागायचं नाही. सुरतेची रेल्वे होती. पण तो पळाला तर त्याच्या नावावरची उचल कोणाच्या मानेवर बसणार? म्हाताऱ्या बापाच्या, नाहीतर धाकट्या भावाच्या. तिनं दागिने उतरवून ठेवले की लेखकाचे डोळे भरून येतात, पानंच्या पानं येतात. त्या धाकट्या भावावर एक परिच्छेद नाही. मला त्याचा खरंच राग आला, अजून आहे.

अशी गोष्ट खानदेशातल्याच कोणी लिहावी, अहिराणी संवादांसकट. लिहिलेली असेल तर मला सांगा, मी शोधून वाचेन.

आजीचं माहेर आठ कोसांवर होतं. त्या चार सालांत आखाजीला ती एकदाही माहेरी गेली नाही. मालकाच्या लेकी आलेल्या असायच्या, त्यांच्या सणाचं दळण तिच्याकडे असायचं.