फुकटचं चिन्ह आणि उसना ठोकळा : विट्याच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुम्ही प्रतिक्रियेखाली नाव न लिहिता 'विट्याचा एक निवृत्त शिक्षक, वय ६८' एवढंच लिहिलंत, म्हणून काका म्हणते आहे. उत्तराला चार दिवस लागले. तुम्ही म्हणता ते स्वतः तपासल्याशिवाय काही लिहायचं नव्हतं, आणि तपासल्यावर ते प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'आपला ब्लॉग सजवू या' या माझ्या लेखात मी फुकट मिळणारे आयकॉन, बटणं आणि गॅझेटं (पानावर बसवायचे घड्याळासारखे छोटे तयार तुकडे) कुठून घ्यायची ते लिहिलं होतं. काकांनी त्यावर तीन आक्षेप घेतले. पहिला, "लिहायला काही नसलं की माणूस झालरी लावतो." दुसरा, तो लेखच त्यांच्या फोनवर उघडता उघडेना. आणि तिसरा, "फुकट म्हणून घ्या सांगताय, पण ते चित्र कुणीतरी बसून काढलेलं आहे. पोरांना चोरी शिकवू नका."

दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. तुमचा फोन जुना असेलही, पण दोष माझ्या पानाचा होता. घरातलं वायफाय बंद करून, हरिपूरच्या रस्त्यावर उभं राहून मी माझाच ब्लॉग मोबाइलवर उघडला. आधी पांढरं पान. मग वरची पट्टी. मग शेअरची बटणं तरंगत आली, आणि लेखाची पहिली ओळ सगळ्यांत शेवटी. घरी येऊन मोजलं. भेटींचा आकडा दाखवणारा काउंटर, कुठल्या गावातून कोण वाचतंय त्याचा फिरता नकाशा, घड्याळ, सात बटणांची शेअरपट्टी, आणि फक्त चार चिन्हांसाठी ओढून आणलेला आख्खा आयकॉन फॉन्ट, म्हणजे अक्षरांऐवजी चिन्हं असलेला फॉन्ट. हे सगळं मीच गेल्या दोन वर्षांत एकेक करून लावलं होतं.

होतं असं की ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेच्या लेआउटमध्ये गॅझेट जोडताना आपण एकच ओळ चिकटवतो. ती ओळ दिसायला एवढीशी असते, पण ती म्हणते, 'अमक्या सर्व्हरवर जा आणि तिथून स्क्रिप्ट घेऊन ये.' ती स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरने पाळायच्या सूचना, येते आणि आणखी दोन-तीन ठिकाणांहून काही मागवते. वाचक मात्र आपल्या दोन परिच्छेदांसाठी थांबून राहिलेला असतो. यातलं वजन लिहिणाऱ्याला कधी जाणवत नाही, कारण त्याच्या ब्राउझरने हे सगळं आधीच साठवून ठेवलेलं असतं. ते जाणवतं ते पहिल्यांदा येणाऱ्याला, आणि तुम्ही पहिल्यांदाच आला होतात.

आता पहिला आक्षेप, झालरीचा. तो मला मान्य नाही, आणि का नाही हे सांगायला ऑगस्ट २०१९ मध्ये जावं लागेल.

सांगलीच्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही विश्रामबागला बहिणीकडे आलो होतो. मी ब्लॉगवर एक पान सुरू केलं: कुठला रस्ता चालू आहे, जेवण कुठे मिळतंय, औषधाचं दुकान कुठलं उघडं आहे. दर दोन-तीन तासांनी मी ते बदलत होते. पहिल्या दिवशी लोक त्यातला मजकूर बोटाने निवडून, कॉपी करून पुढे पाठवत होते, आणि सकाळचा मजकूर रात्री फिरत होता. बंद पडलेला रस्ता चालू म्हणून फिरत होता! दुसऱ्या दिवशी भाच्याने पानाच्या वर एक हिरवं बटण बसवलं, 'व्हॉट्सॲपवर पाठवा'. त्यातून मजकूर जात नव्हता, पानाचा पत्ता जात होता. त्यामुळे ज्याने उघडलं त्याला ताजंच दिसलं. पुण्या-मुंबईतल्या पोरांनी ते पान इथल्या आईवडिलांना पाठवलं, आणि आईवडिलांनी शेजाऱ्यांना.

त्याच रात्री सांगलीवाडीहून एका बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं पान उघडत नाही, नुसता रंग येतो." रेंजचा एखादाच दांडा होता त्यांच्याकडे. पानाच्या माथ्यावर मी हौसेने लावलेली हलत्या दिव्यांची जीआयएफ होती आणि तीच आधी उतरत होती. ती काढली. दहा मिनिटांनी त्यांचा परत फोन आला, उघडलं म्हणून.

म्हणून काका, बटण आणि झालर मी एका मापाने मोजू शकत नाही. ते हिरवं बटण होतं म्हणून माणसं बुडालेल्या रस्त्याकडे गेली नाहीत. दिव्यांची माळ होती म्हणून एका बाईला पान दिसलं नाही. चिन्हं दोन्ही फुकटच मिळाली होती. एकाने वाचकाचं काम होत होतं, दुसऱ्याने माझी हौस. आणि इतकं डोळ्यांनी बघूनही पाच-सहा वर्षांत माझ्या पानावर पुन्हा ओझं साठलं, हे तुमच्या प्रतिक्रियेमुळे कळलं. त्याबद्दल मनापासून आभार.

तिसऱ्या आक्षेपाकडे येते. इथे मला थोडं घरचं सांगू द्या.

माझ्या वडिलांचा गावभागात छोटा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या (छपाईच्या सुट्या अक्षरांच्या) केसा, म्हणजे पेट्या, आणि ठोकळ्यांचा एक खण. लग्नपत्रिकेवरचा गणपती, मंगलकलश, सनईवाला, सगळे जस्ताचे पत्रे लाकडावर ठोकलेले. एका लगीनसराईत एका घराला सांगलीच्याच गणपतीची मूर्ती पत्रिकेवर हवी होती. तो ठोकळा आमच्याकडे नव्हता, म्हणून वडिलांनी ओळखीच्या दुसऱ्या छापखान्यातून आणला. निम्म्या पत्रिका छापून झाल्या आणि तिकडचा माणूस ठोकळा न्यायला आला, त्यांचंही काम निघालं होतं. उरलेल्या निम्म्या पत्रिका कलशावर निघाल्या. पैसे वडिलांनी कमी घेतले, पण त्या घरच्यांची नाराजी वर्षभर राहिली. पुढच्या महिन्यात वडिलांनी कोल्हापूरहून आपला ठोकळा करून आणला. तो अजून माझ्या कपाटात आहे.

ब्लॉगवर चिन्ह लावण्याचे दोनच प्रकार आहेत. फाइल उतरवून आपल्या खणात ठेवायची, नाहीतर दुसऱ्याच्या खणातून दर वेळी मागवायची. दुसरा प्रकार सोपा, म्हणून मी लेखात तोच जास्त सांगितला होता, आणि ती माझी चूक झाली. समोरच्याने खण बंद केला की आपल्या पानावर फाटक्या चित्राची खूण उरते. चित्रं साठवून ठेवणाऱ्या फोटोबकेट या साइटने २०१७ साली फुकट खात्यांवरची चित्रं बाहेरच्या पानांवर दाखवणं बंद केलं आणि त्या सोयीसाठी वर्षाला ३९९.९९ डॉलर मागितले. जगभरचे कितीतरी ब्लॉग एका रात्रीत भोकाभोकांचे झाले.

आणि खण बंद होणं एक वेळ परवडलं, मालक बदलला तर? जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी शिकवणारी पॉलीफिल नावाची एक फुकट स्क्रिप्ट होती, चांगल्या हेतूने केलेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचं डोमेन, म्हणजे वेबवरचा पत्ता, विकलं गेलं. जूनमध्ये उघड झालं की तीच ओळ मोबाइलवरून येणाऱ्या वाचकांना सट्ट्याच्या साइटवर नेऊन सोडते आहे. एक लाखाहून जास्त साइटांवर ती होती, आणि त्या साइटवाल्यांनी स्वतः काही बदललंच नव्हतं.

शेअरच्या तयार बटणांचंही एक आहे. ती नुसती पानावर असली तरी वाचकाची माहिती त्या कंपनीकडे जाते, त्याने बटण दाबो वा न दाबो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २९ जुलै २०१९ ला, जर्मनीतल्या एका कपड्यांच्या दुकानाच्या खटल्यात, निकाल दिला की फेसबुकचं लाइक बटण लावणारा साइटवालाही माहिती गोळा होऊन पुढे जाण्याला जबाबदार आहे. तो कायदा इथला नाही. पण माझ्या घरी आलेल्या पाहुण्याचं नाव-गाव मी परस्पर तिसऱ्याला कळवणार नाही, मग ब्लॉगवर तरी का कळवू?

आता चोरीचं. सगळ्या फुकट चिन्हांना चोरी म्हणणं हे काढणाऱ्यांवरही अन्याय करणारं आहे, कारण त्यातल्या अनेकांनी ती समजून-उमजून खुली केली आहेत, अटी लिहून. अट न वाचता उचलणं मात्र तुम्ही म्हणता तसंच आहे, आणि मी अटींवर एक ओळही लिहिली नव्हती. ती कसर इथे भरून काढते. फॉन्ट ऑसमच्या फुकट संचातले आयकॉन 'सीसी बाय ४.०' (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स) परवान्याखाली आहेत, म्हणजे वापरा, रंग बदला, पण श्रेय द्या. त्यांच्या फाइलीत श्रेयाची ओळ आधीच घातलेली असते. ती 'उगाच कोड वाढतो' म्हणून पुसू नका, एवढं केलं की अट पाळली जाते. गूगलचे मटेरियल आयकॉन अपाची २.० परवान्याखाली आहेत, तिथे पानावर श्रेय दिसलंच पाहिजे असं नाही. 'सीसी झिरो' असेल तर काढणाऱ्याने हक्कच सोडलेला असतो. परवान्यात 'एनसी' (व्यापारी वापर नको) दिसलं आणि तुमच्या ब्लॉगवर जाहिराती असल्या तर ते चिन्ह सोडून द्या. 'एनडी' (बदल नकोत) दिसलं तर त्याचा रंगसुद्धा बदलून लावू नका. आणि परवाना कुठेच लिहिलेला नसेल, नुसतं 'फ्री डाउनलोड' असेल, तर ते फुकट नाही असंच धरा. व्हॉट्सॲप, फेसबुक यांची बोधचिन्हं ही निराळी गोष्ट. ती त्यांची व्यापारचिन्हं आहेत, तेव्हा आपल्या थीमला शोभावं म्हणून ती वाकडीतिकडी करू नयेत.

एक मुद्दा तुम्ही मांडला नाहीत, पण तुमच्या पिढीला तो चटकन कळेल. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधीचं मराठी टायपिंग आठवतं? आपण मजकूर पाठवायचा, समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की त्याला गिचमीड दिसायची. आयकॉन फॉन्टचं तेच आहे. त्यातलं घराचं किंवा पाकिटाचं चिन्ह ज्या क्रमांकावर बसवलेलं असतं त्याला युनिकोडमध्ये ठरलेला अर्थच नसतो. तो भाग ज्याने त्याने खासगी वापरायला मोकळा ठेवलेला आहे. फॉन्ट उतरला नाही की रिकामा चौकोन. रुपयाचं चिन्ह जुलै २०१० मध्ये ठरलं, त्यानंतरही काही काळ आपल्या फोनांवर त्या जागी चौकोनच दिसायचा, तसं. ज्या त्रासातून मराठी लिहिणारे एवढ्या वर्षांनी सुटले तो मी चार चिन्हांसाठी परत ओढवून घेतला होता. एसव्हीजी चिन्ह म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलेलं रेखाटन. त्याचा मजकूर थेट गॅझेटमध्ये चिकटवायचा, बाहेर कुठेही जावं लागत नाही, आणि आकार बहुतेक वेळा एखाद्या केबीच्या आसपास. कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत.

तर चार दिवसांत काय केलं ते सांगते. थीमची बॅकअप प्रत उतरवून घेतली (हे आधी न करता थीमला हात लावू नये, हे कृपया सगळ्यांनीच ऐका). काउंटर, नकाशा, घड्याळ काढलं. शेअरपट्टी काढून व्हॉट्सॲपचा एक साधा दुवा ठेवला, स्क्रिप्ट नाही. चिन्हाशेजारी 'पाठवा' हा शब्दही लिहिला, कारण फोनकडून वाचून घेणाऱ्या अंध वाचकाला नुसत्या चित्रातून काही कळत नाही. फीडचं (नव्या लेखांची आपोआप होणारी यादी) केशरी चिन्ह ठेवलं, फीड ब्लॉगर स्वतःच तयार करतं. टॅबवर दिसणारं छोटं चिन्ह, फेविकॉन, तेही ठेवलं. चौकोनी आणि १०० केबीच्या आतलं चित्र लागतं, मी हळकुंडाचं स्वतः काढलं आहे. ते कुणाला हवं असेल तर खुशाल घ्या, सीसी झिरो.

मूळ लेखातले दोन परिच्छेद बदलले आहेत आणि काय बदललं ते खाली तारखेसह लिहिलं आहे. त्यात दोन मेलेली बटणंही सापडली: गूगल प्लस हे गूगलचं समाजमाध्यम एप्रिल २०१९ मध्येच बंद झालं, आणि ब्लॉगरचं ईमेलने लेख पाठवणारं गॅझेट जुलै २०२१ पासून चालत नाही. तरी मी ती सुचवली होती.

हरिपूरच्या रस्त्यावर आता लेखाची पहिली ओळ आधी येते, चिन्हं मागून. विट्यात, तुमच्या फोनवर काय होतं ते मला इथून कळणार नाही. एकदा उघडून बघाल का? आणि ओळ आधी आली नाही तर तसंच लिहा, मी परत बघते.