जुना बॅकहो घेताय? मग डोळे मिटूनच घ्या

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्हाला पाइपासाठी एक चर खणायचा होता. यंत्र भाड्याने आणलं असतं तर काम चटकन उरकलं असतं आणि पुढे जन्मभर करायला काही उरलं नसतं. त्याऐवजी छोट्या ट्रॅक्टरमागे लावायचा जुना बॅकहो, म्हणजे माती खणणारा यंत्राचा हातच, विकत घ्यायचं ठरवलंत. अशी दूरदृष्टी सगळ्यांकडे नसते.

बघायला गेलात की आधी रंग बघा. ताजा रंग म्हणजे मालकाची माया. बूमच्या, म्हणजे त्या हाताच्या मुख्य दांड्याच्या, बुडाशी रंगाखाली वेल्डिंगचा जाडजूड थर हाताला लागला तर तो नखाने खरवडू नका. तडकलेलं आणि जोडलेलं पोलाद पुन्हा तडकलं तर बहुधा त्या जोडाच्या कडेलाच तडकतं. पण ते तुमच्या घरी, मालकाच्या नाही.

तेलाच्या दाबाने हा हात हलवणाऱ्या सिलिंडरच्या चकाकत्या रॉडवर उभे ओरखडे दिसले तरी मनाला लावून घेऊ नका. ते फक्त तेल अडवणारं सील खातात. मीही अशाच एका लख्ख कोरड्या रॉडवर भाळलो होतो. रॉड पुसलेलं फडकं शेजारच्या लेव्हरवरच लोंबत होतं, तेलाने काळंकुट्ट. ते मला घरी आल्यावर आठवलं.

सोबत एखादा शहाणा मित्र असेलच. तो म्हणेल, बूम वर उचल, इंजिन बंद कर आणि किती वेळ टिकतो ते बघ. त्याला गप्प करा. बूम हळूहळू खाली येत असेल तर ते सील किंवा व्हॉल्व्ह गेल्याचं लक्षण नव्हे, तो तुम्हाला वाकून नमस्कार करतोय. मग मित्र टोकाची खणायची बकेट धरून आडवी हलवेल आणि सांध्यांच्या पिना-बुश झिजलेत म्हणेल. प्रत्येक पिनेची थोडीथोडी ढिलाई टोकापर्यंत पोचताना चांगली चार बोटं होते, हे खरं. पण सरळ चर हवाय कोणाला? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, तसे बकेटचेही मोजू नका. ही गाय धर्माची नाही, रोख मोजून घेतलेली आहे, हे तेवढं विसरायचं.

आता मुख्य गोष्ट, जी मुळीच विचारायची नाही: सबफ्रेम. बॅकहो ज्या ट्रॅक्टरवर होता, त्याच मॉडेलची ती जोडचौकट असते आणि बहुतेक वेळा ती जुन्या ट्रॅक्टरबरोबरच गेलेली असते. म्हणजे तुम्ही हात घेतलात, खांदा राहिला. मालक म्हणेल, 'थ्री-पॉइंटला लावा की!' म्हणजे नांगर वगैरे जोडायच्या, ट्रॅक्टरमागच्या तीन टोकांच्या लिफ्टला. लावा. छोट्या ट्रॅक्टरला वेगळी चेसिस बहुधा नसते. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची कवचं बोल्टने जोडून त्याचा कणा झालेला असतो. सबफ्रेम खणण्याचा जोर या कण्याखालून पुढे नेते. ती नसली की तो जोर मागच्या कवचावर येतो, आणि दोन तुकड्यांतला ट्रॅक्टर ठेवायला सोपा. शिवाय लिफ्टचे हात वजन पेलतात, पण बहुतेक ट्रॅक्टरांत वर जाणाऱ्या वस्तूला खाली दाबून धरत नाहीत. बकेट दगडाला अडली की अख्खा बॅकहो उचलून सीटकडे येऊ शकतो. मधे कोण बसलंय, हे तो विचारत नाही.

बॅकहोला तेल पुरवणाऱ्या पंपाचं गणित तर बघूच नका. जोर तेलाच्या दाबावर आणि वेग प्रवाहावर ठरतो, हे पुस्तकी ज्ञान. तुमच्या ट्रॅक्टरचा पंप पुरत नसेल तर 540 आरपीएमच्या पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्यावर, वेगळा पंप बसवा, त्याला तेलाची वेगळी टाकी करा, होज, म्हणजे तेलाच्या नळ्या, नव्याने बनवून घ्या. सबफ्रेमही त्याच वेळी बनवून घेता येईल. वरातीमागून घोडं आलं तरी घोडं ते घोडंच.

एवढं एक मात्र थट्टेत नाही: होजची गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. बारीक छिद्रातून दाबाने उडणारं तेल कातडीत घुसतं, जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

बाकी सगळं छान होईल. सुटे भाग येईपर्यंत तुम्ही कुदळ-फावडं घेऊन तो चर खणूनही टाकाल. मग एक दिवस बॅकहो बघायला कोणीतरी येईल, सोबत मित्राला न आणता. रंगाचा डबा आधीच आणून ठेवा, आणि फडकं या वेळी खिशात.