विसेंते नव्हे, फ्लोरेस्तान

गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका चर्चासत्राला गेलो होतो. विषय श्रमप्रतिष्ठा. मधल्या सुट्टीत चहा घेऊन आलेल्या पोराला जो तो "ए छोटू" म्हणत होता. सगळे आपलेच, डावे-पुरोगामी. मीही एकदा म्हणालो, आधीच कबूल करतो.

घरी येताना फ्लोरेस्तान फर्नांदेस आठवत राहिला. ब्राझीलचा समाजशास्त्रज्ञ, जन्म १९२०, साव पावलो. आई पोर्तुगालहून आलेली, लोकांच्या घरी राबणारी. ती जिथं कामाला होती त्या बाई याच्या धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेली आई. पण मोलकरणीच्या पोराला 'फ्लोरेस्तान' हे नाव त्यांना झेपेना, म्हणून त्या त्याला 'विसेंते' म्हणायच्या.

माझी आई सदाशिव पेठेत चार घरची धुणीभांडी करायची. माझं नाव सम्राट. एका घरच्या काकू हसून म्हणाल्या, "इश्श, सम्राट म्हणून हाक कशी मारायची गं?" झालं, मी 'सोन्या'. काकू वाईट नव्हत्या. फराळ द्यायच्या, जूनमध्ये वह्या द्यायच्या. तिथंच तर गोची आहे, चिडायचं कुणावर?

फ्लोरेस्ताननं बूटपॉलिश केलं, हॉटेलात वेटरकी केली. तिसरीनंतर शाळा सुटलेली. पुढं आपल्या रात्रशाळेसारख्या प्रौढांच्या वर्गातून परीक्षा देऊन १९४१ साली विद्यापीठात शिरला आणि तिथंच प्राध्यापक झाला. (त्याचं लिखाण महाकिचकट आहे. इंग्रजी भाषांतराचं एक पान वाचायला मला दोन चहा लागतात.) पण 'आमच्याकडे वर्णभेद नाही' या ब्राझीलच्या लाडक्या समजाची त्यानं सालं काढली. गुलामगिरी १८८८ मध्ये कायद्यानं संपली, पण सुटलेल्या माणसांना ना जमीन मिळाली, ना शिक्षण. मोकळे झाले ते वाऱ्यावर. तो म्हणायचा, आमच्या लोकांना पूर्वग्रह असण्याचाच पूर्वग्रह आहे, म्हणजे भेदभाव करतील, पण कबूल करणार नाहीत. हे वाचलं आणि कोथरूडचा घरमालक डोळ्यापुढं आला. "आमचं काही नाही हो, सोसायटीचं जरा..." आडनाव ऐकेपर्यंत सोसायटीचं काहीच नव्हतं.

१९६९ मध्ये लष्करी राजवटीनं त्याला सक्तीनं निवृत्त केलं. काही वर्षं टोरांटोत शिकवून तो परत आला. १९८६ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, वर्कर्स पार्टीकडून निवडून आला आणि नवी राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत बसला. तिथं त्याचा हट्ट एकच, सरकारी पैसा सरकारी शाळेलाच. पूर्ण यश नाही आलं. १९८८ च्या घटनेत धार्मिक आणि धर्मादाय शाळांनाही पैसा मिळायची वाट राहिलीच. मला मात्र तो इथंच सगळ्यात जवळचा वाटतो. महात्मा फुल्यांनी १८५५ साली कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली त्या शहरात आज मी पोरीच्या ॲडमिशनसाठी खासगी शाळेच्या रांगेत उभा राहतो आणि फेसबुकवर सरकारी शाळा वाचवा म्हणून लिहितो.

त्याचा विद्यार्थी फेर्नांदो एन्रिके कार्दोझो १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. गुरू विरोधी पक्षातच राहिला आणि त्याच ऑगस्टमध्ये गेला. दहा वर्षांनी तिथल्या भूमिहीनांच्या चळवळीनं साव पावलोजवळ स्वतःच्या हातांनी बांधलेली आपली शाळा सुरू केली. पाटीवर नाव पूर्ण आहे, फ्लोरेस्तान फर्नांदेस.

काल हे सगळं आईला सांगितलं. लसूण सोलता सोलता तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्या आईनं काय हाक मारली असंल रे त्याला, त्या बाईच्या घरात?"