दर उड्डाणाआधी कंपास कॅलिब्रेशन? गच्चीवर तर नकोच

लग्नसराई आली की सोलापुरातल्या फोटो-व्हिडिओवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास वर येतो. मजकूर थोडक्यात असा: ड्रोन उडवण्याआधी दरवेळी, आहात त्याच जागी कंपास कॅलिब्रेट करा, नाहीतर ड्रोन पळून जाईल. ड्रोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवा, रिमोटचं तोंड उत्तरेला ठेवा, खिशातला मोबाइल काढून ठेवा. सोलापूरचा काळा दगड चुंबकीय आहे, म्हणून इथे दोनदा करा. मोबाइल टॉवरच्या लहरींनी कंपास बिघडतो, तिथे तीनदा करा. इतकं करूनही ड्रोन भरकटला तर घाबरू नका, रिटर्न टू होम दाबा. सर्व ड्रोन बांधवांना पाठवा.

बांधवांनी पाठवलाय. त्यामुळे नवरदेवाची वरात कार्यालयाच्या कमानीपाशी येते तेव्हा गच्चीवर एक पोरगा ड्रोन हातात धरून स्वतःभोवती गरगर फिरत असतो आणि खालून कॅमेरावाला ओरडतो, "काय बे, झालं का कॅलिब्रेट?" मेसेजातला एक सल्ला बरोबर आहे, त्याकडे शेवटी येतो. मुख्य दावा मात्र उलटा आहे. ड्रोन पळू नये म्हणून लोक जे करतायत, त्यानेच तो पळण्याची शक्यता वाढते.

आधी ड्रोनला कंपास कशाला लागतो ते बघू. जीपीएसमुळे ड्रोनला आपली जागा कळते. पण एका जागी तरंगत असताना नाक कुठल्या दिशेला आहे, हे जीपीएसवरून कळत नाही. जायरो वळण मोजतो, पण त्याची बारीक चूक साठत जाते. म्हणून कंपास. समजा, वाऱ्याने ड्रोन मीटरभर पूर्वेला ढकलला. त्याला परत पश्चिमेला यायचंय. पश्चिम आपल्या नाकासमोर आहे, डावीकडे आहे की पाठीमागे, हे तो कंपासला विचारून ठरवतो. कंपास वीस-तीस अंशांनी खोटं बोलला तर ड्रोन तिरका येतो, पुन्हा सावरतो, पुन्हा तिरका जातो आणि घिरट्या घालायला लागतो. ड्रोनवाले याला 'टॉयलेट बाउल' म्हणतात. चूक नव्वद अंशांच्या पुढे गेली की सावरण्याचा प्रत्येक प्रयत्न त्याला आणखी लांब नेतो. लोक 'ड्रोन पळाला' म्हणतात, त्यातले काही असे पळालेले असतात.

आता कॅलिब्रेशन. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला आहे, म्हणजे फारच नाजूक. ड्रोनच्या स्वतःच्या अंगात मोटारींचे चुंबक असतात, पोलादी स्क्रू असतात, त्यांचंही क्षेत्र सेन्सरवर पडतं. पण ही मंडळी ड्रोनसोबतच फिरतात. ड्रोन सगळीकडून फिरवला की पृथ्वीचं क्षेत्र सेन्सरला दिशा बदलताना दिसतं, अंगातलं मात्र आहे तसंच राहतं. या फरकावरून ड्रोन अंगातला हिस्सा ओळखतो आणि पुढे दरवेळी तेवढा वजा करतो. कॅलिब्रेशन म्हणजे एवढंच. बाहेरच्या लोखंडावर त्याचा काहीही इलाज नाही.

आता गच्चीवर या. पायाखाली स्लॅबच्या सळ्या, बाजूला पाण्याच्या टाकीचं लोखंडी स्टँड, पलीकडे पत्र्याची शेड. सळ्यांजवळ चुंबकीय क्षेत्र वीत-दोन वीत अंतरावर बदलतं. ड्रोन फिरवताना सेन्सर त्या वेगवेगळ्या जागांतून जातो आणि तो सगळा फरक ड्रोनच्या अंगातलाच समजून हिशेबात धरला जातो. मग ड्रोन वर जातो. सळ्या खाली राहतात, चुकीची वजाबाकी मात्र त्याच्यासोबत जाते. आदल्या दिवशी पटांगणात केलेलं चांगलं कॅलिब्रेशन होतं, तेही यात पुसलं गेलेलं असतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडचं शूटिंग करायचं म्हणून दारातच ड्रोन फिरवणाऱ्यांचंही हेच होतं. तिथे तर मागही लोखंडाचे आणि छप्परही.

'जितक्या वेळा कराल तितका अचूक' ही समजूतही मेसेजातल्या 'दोनदा करा, तीनदा करा'मधूनच आली आहे. नवं कॅलिब्रेशन जुन्यात मिसळत नाही, त्याच्या जागी बसतं. दोनदा केलं तर दुसरं उरतं, तीनदा केलं तर तिसरं. शेवटचं खराब जागी झालं असेल तर आधीच्या दोन चांगल्यांचा उपयोग शून्य.

मग करायचं कधी? डीजेआय या ड्रोन कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांच्या माहितीपुस्तिकेत तीन प्रसंग दिलेत: आधीच्या उड्डाणाच्या जागेपासून ५० किलोमीटरहून लांब आलात, ड्रोन ३० दिवसांहून जास्त काळ उडवला नाही, किंवा ॲपने कंपासची सूचना दिली. सोलापूरकरांच्या भाषेत सांगायचं तर अक्कलकोट आणि तुळजापूर सरळ रेषेत ५० किलोमीटरच्या आत येतात, पंढरपूर बाहेर. माझ्या मते हा पन्नासचा आकडाही सावधगिरीचाच आहे, कारण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्या जिल्ह्यात कुठेही गेलात तरी एक-दीड अंशाच्या आतच राहतो. पण पुस्तिकेत आहे तर पाळावं. ड्रोन आपटला, मोटार किंवा आतली सर्किटची पट्टी बदलली, तरीही करावं.

ॲपची सूचना आली की लोक सूचनेचा मजकूर न वाचता लगेच फिरायला लागतात. आधी जागा बदला. गाडीच्या बॉनेटवरून, मॅनहोलच्या झाकणावरून, स्लॅबवरून ड्रोन उचला आणि वीस-तीस पावलं मोकळ्या मातीवर जा. सूचना गेली तर दोष जागेचा होता, कॅलिब्रेशनची गरजच नव्हती. मोकळ्या मातीवरही ती राहिली, तर तिथेच कॅलिब्रेट करा.

मेसेज लिहिणाऱ्याला सुचलाच नाही असा खरा खलनायक वेगळाच आहे: डीजे. बेस बॉक्समधल्या स्पीकरला मागून जाडजूड चुंबक असतो. टेम्पोत जागा नाही म्हणून ड्रोनची बॅग त्याच बॉक्सवर ठेवून गावोगाव नेली तर ड्रोनमधले पोलादी भाग चुंबकत्व धरू शकतात, आणि मग ड्रोनच्या अंगातला हिस्साच बदलतो. अशा वेळी कॅलिब्रेशन खरोखर लागतं. बॅगेच्या बकलातला चुंबक आणि मोबाइलचं चुंबकी होल्डर हेही त्यातलेच. सुदैवाने अशा चुंबकाचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात उतरतो. अंतर दुप्पट केलं की जोर एक अष्टमांश. बॅग बॉक्सवरून उचलून पुढच्या सीटवर मांडीवर घेतली तरी पुष्कळ झालं.

काळ्या दगडाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो एका वाक्यात उडवून लावत नाही. आपला बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि त्यात मॅग्नेटाइटच्या जातीचे कण असतातच. थंड होताना त्या कणांनी तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. १९५० च्या दशकात दख्खनच्या याच दगडांच्या मोजमापांतून भारत दक्षिणेकडून सरकत आल्याचा पुरावा मिळाला. त्यामुळे उघड्या खडकावर किंवा भुईकोट किल्ल्याच्या तटाच्या दगडावर ड्रोन टेकवून ठेवला तर कंपास थोडा हलू शकतो. पण कॅलिब्रेशन आपण छातीच्या उंचीवर धरून करतो. तिथे दगडाचा परिणाम स्लॅबच्या सळ्यांपुढे किरकोळ असतो, आणि मातीचा त्याहून कमी. 'सोलापुरात कंपास चालतच नाही' हे खरं असतं तर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांची वरून घेतलेली इतकी चित्रं आपण पाहिलीच नसती.

आठचा आकडा मोबाइलच्या कंपाससाठी आहे. ड्रोनला साधारणपणे आधी आडवा धरून एक पूर्ण गिरकी, मग नाक खाली करून दुसरी. मॉडेलप्रमाणे ॲप चित्र दाखवतं, तसं करावं. रिमोट उत्तरेला धरण्यात तर काहीच अर्थ नाही. ड्रोनचा कंपास ड्रोनमध्ये असतो. रिमोटच्या बाबतीत बघायचं ते अँटेनाकडे: वर उघडणारी पट्टीसारखी अँटेना असेल तर तिची सपाट बाजू ड्रोनकडे हवी, टोक नव्हे. रिमोटचं म्हणून जे कॅलिब्रेशन मेनूत दिसतं ते बोटांनी हलवायच्या दांड्यांचं, त्याचा दिशेशी संबंध नाही.

टॉवरचं: मोबाइलच्या लहरी सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलतात, कंपास स्थिर क्षेत्र मोजतो. लहरींनी रिमोटचा किंवा व्हिडिओचा सिग्नल अडखळू शकतो. टॉवरचं लोखंड अगदी जवळ गेलं तर कंपासला जाणवेल, पण तितक्या जवळ ड्रोन नेणाऱ्याने कंपासपेक्षा धडकेची चिंता करावी.

मेसेजातली सगळ्यात धोकादायक ओळ रिटर्न टू होमची. हे बटण दाबल्यावर ड्रोन घरच्या बिंदूकडे, म्हणजे उडाला त्या जागेकडे निघतो तो जीपीएस आणि दिशा या दोन्हींच्या भरवशावर. दिशाच खोटी असेल तर बटण त्याच खोट्या दिशेला जोर देतं. ड्रोन खाली असतानाच घिरट्या घालू लागला तर डावी दांडी खाली ओढून लगेच उतरवा. वर असताना कंपास खराब ठरवून ड्रोनने जीपीएस सोडलं, म्हणजे ॲटी मोडमध्ये गेला, तर तो उंची धरतो पण वाऱ्यासोबत वाहतो. दांड्या सोडून बघत बसू नका, उजव्या दांडीने वाऱ्याविरुद्ध धरा आणि मोकळ्यावर उतरवा. जून-जुलैतल्या आपल्याकडच्या पश्चिमेच्या वाऱ्यात अडीचशे ग्रॅमच्या ड्रोनला हे सोपं नाही. पुष्कळ 'पळालेले' ड्रोन तर कंपासमुळे पळालेलेच नसतात. पुरेसे उपग्रह मिळायच्या आत घाईने उडवल्यामुळे घरचा बिंदू धड नोंदलेला नसतो, किंवा परतीची उंची समोरच्या इमारतीपेक्षा कमी ठेवलेली असते.

कॅलिब्रेशनऐवजी दरवेळी करण्यासारखं एक काम आहे. ड्रोन जमिनीवर ठेवून ॲपच्या नकाशावरचा बाण बघा. ड्रोनचं नाक समोरच्या रस्त्याच्या रेषेत असेल तर बाणही नकाशातल्या त्याच रस्त्याच्या रेषेत हवा. मग तीन-चार मीटर वर नेऊन दांड्या सोडा, सावकाश एक वळण द्या. जागेवर राहिला तर कंपास ठीक आहे.

मोकळी माती शोधताना मात्र दोन मोहाच्या जागा टाळा. होटगी रस्त्याकडे विमानतळ आहे. २०२४ च्या सप्टेंबरात त्याचं उद्घाटन झालं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे लाल-पिवळ्या क्षेत्रात, म्हणजे बंदी किंवा नियंत्रण असलेल्या भागात, परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला वैमानिक परवाना लागत नसला तरी ही अट त्यालाही आहेच. दुसरी जागा नान्नजचा माळ. तिथे लोखंड नाही, पण माळढोकांचं अभयारण्य आहे.

राहिला तो बरोबर असलेला सल्ला: मोबाइल खिशातून काढा. त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो आणि ड्रोन फिरवताना खिसा हातभर अंतरावर येतो. यादीत चाव्यांचा जुडगा, घड्याळ आणि मनगटातलं लोखंडी कडंही घाला. तांब्याचं असेल तर राहू द्या.