जमीन कुणाची, गाई कुणाच्या?

विषय काढला आमच्या इंजिनिअरनं. नोकरी सोडून शेती करायची, पण शून्यापासून नाही. एका वयस्कर शेतकऱ्याच्या चालू धंद्यात पैसे घालून भागीदार व्हायचं. तीस गाई, गोठा, ट्रॅक्टर, चाऱ्याचं रान, सगळं तयार. मुलं शेतीत येणार नाहीत म्हणे.

"आयत्या बिळावर नागोबा!" मास्तर म्हणाले.

"आयतं कसलं?" बँकवाला उखडला. "तो जो आकडा सांगतोय त्यात जमीन आहे?"

"असेलच ना."

"कागद बघितलास?"

हा गप्प.

"पुष्कळदा जमीन मालकाच्या स्वतःच्या नावावर असते आणि धंदा ती भाड्यानं कसतो. तू तिसरा हिस्सा घेतलास म्हणजे गाई, यंत्रं, साठवलेला चारा आणि कर्ज, यांत तिसरा. जमिनीत भोपळा."

"मग जमिनीतही मागावा," मास्तर.

"आणि व्याज कुठून भरायचं? जमिनीचा भाव तिच्यातल्या उत्पन्नाच्या मानानं असतो कुठे!"

इथं मला बँकवाल्याचंच पटलं. न्यूझीलंडमध्ये 'शेअरमिल्किंग', म्हणजे दुधाच्या पैशातल्या वाट्यावर दुसऱ्याच्या जमिनीत गाई सांभाळायची, अशी जुनी पद्धत आहे, त्यासाठी १९३७ सालचा वेगळा कायदासुद्धा आहे. तिच्या एका प्रकारात जमीन मालकाची, कळप आपला आणि दुधाचे पैसे साधारण निम्मे निम्मे. कालवडी वाढवायच्या, कळप मोठा करायचा, मग तो विकून जमिनीकडे वळायचं. मी हे सांगितलं तर मास्तर म्हणाले, "गाईंवर रोग आला की?" तोही मुद्दा होताच.

बँकवाला थांबायला तयार नव्हता. ताळेबंद कुठल्या तारखेचा? कापणीनंतर कोठार भरलेलं, पेरणीआधी रिकामं. आणि वहीत तीस गाई म्हणजे तीस गाई. त्यातल्या पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेल्या किती, सात वेळा व्यालेल्या किती, दूध आटलेल्या भाकड किती, हे वही सांगत नाही.

वकील तोवर मोबाइलमध्ये होता. मान वर न करता म्हणाला, "साधी भागीदारी असेल तर त्यानं धंद्यासाठी उचललेल्या कर्जापायी तुझं घरही जाऊ शकतं. कंपनी असेल तर घातलेल्या पैशापुरतं, पण बँक तुझी वैयक्तिक हमी मागेलच. आणि तो गेला तर? हिस्सा मुलांकडे. त्यांना शेती नको, पैसे हवेत, तेही लगेच. तेव्हा किंमत कशी काढायची आणि किती वर्षांत फेडायची, हे आजच लिहून घे."

इतका वेळ ऐकून घेतल्यावर इंजिनिअर म्हणाला, "मी गेलो होतो तिकडे. लॅपटॉप उघडून आकडे दाखवत होतो. मधेच म्हातारा उठला, दावणीतल्या एका गाईचं मागचं खूर उचलून बघितलं. म्हणाला, सकाळपासून या पायावर भार टाकत नाहीये. मला तर सगळ्या गाई सारख्याच दिसत होत्या."

"ही नजर विकायला काढलीय का त्यानं?" मास्तरांनी विचारलं.

माझं म्हणणं एवढंच होतं की आधी एक पूर्ण वर्ष पगारावर राहा. पेरणी, विण्याचा हंगाम, चाऱ्याची टंचाई, सगळं एकदा अंगावर येऊ दे. पगारातला काही भाग हिश्शात वळता करता येतो का, तेही बघ. आणि हिस्सा घेतल्यावर भाकड गाय विकायची की ठेवायची हे कोण ठरवणार, तेवढं आत्ताच विचार. तिसऱ्या हिश्शाचा मालक आपल्याच गोठ्यात गडी म्हणून राबतो, असं होऊ शकतं.

"वर्षभर पगारावर ठेवेल तो?" वकिलानं पहिल्यांदाच मान वर केली.

"विचारावं लागेल."

"आणि हिस्सा द्यायला तरी तयार आहे ना?"

"तेही अजून विचारलं नाहीये," इंजिनिअर म्हणाला. "म्हटलं, आधी तुमच्याशी बोलून घ्यावं."