तेहतीस हवे होते, एकतीस होतो

आज इथे अमेरिकेत, आयोवा राज्यात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले आणि डोकं तापवून घरी आले. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, बाहेर बर्फ पडतोय, झोप येत नाही. म्हणून लिहितेय. कुणाला राग आला तर येऊ दे.

जेवणं झाल्यावर यजमानांनी टीव्हीवर एक तक्ता लावला. 2028 च्या अध्यक्षपदाची उमेदवारी. टेनिसच्या ड्रॉसारख्या जोड्याजोड्यांनी मांडलेली सोळा नावं. एकेक जोडी यायची आणि सगळ्यांनी हात वर करून कौल द्यायचा. वीस-बावीस जण होतो, सगळे शिकलेसवरलेले, निम्म्याहून जास्त इथले नागरिक. तासभर नुसता कल्ला. शेवटच्या फेरीत मिशेल ओबामा एका नटाला हरवून जिंकल्या. टाळ्या, शिट्ट्या, आइस्क्रीम.

मी सहज विचारलं, जूनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, कोण कोण उभं आहे? यंदा, 2026 ला, आयोवात गव्हर्नर नवा निवडायचाय, सिनेटची एक जागा मोकळी होतेय. त्या वीस-बावीस जणांत एकालाही एक नाव सांगता आलं नाही. "अगं, ते लोकल असतं," असं उत्तर मिळालं. मी तिळगूळ हातात घेऊन गप्प बसले, कारण सणाचा दिवस होता. पण ते घर कुणाचं आहे ते मला माहीत होतं, आणि सहा वर्षांपूर्वीचा एक फोनही आठवत होता.

3 फेब्रुवारी 2020. मला नागरिकत्व मिळून आठ महिने झाले होते. सांगलीत कॉलेजात असताना मतदान केलं होतं, त्यानंतर थेट हेच. इथे त्या वर्षी अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला डेमोक्रॅटिक पक्षाचं कॉकस होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉकस म्हणजे बटण दाबून निघून जायचं मतदान नव्हे. संध्याकाळी सातच्या आत शाळेच्या जिममध्ये पोचायचं, नाव नोंदवायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत जाऊन उभं राहायचं. मग माणसं मोजतात. ज्या कोपऱ्यात एकूण हजेरीच्या 15 टक्के माणसं नाहीत, तो कोपरा मोडतो. त्यातल्या लोकांनी दुसरीकडे जायचं, किंवा इतर मोडलेल्या कोपऱ्यांतली माणसं आपल्याकडे वळवायची. जमलं तर टिकलात, नाहीतर संपलात.

आमच्या जिममध्ये 214 जण होते. 15 टक्के म्हणजे 32 आणि वर थोडं, म्हणजे 33 माणसं हवीत. मी एमी क्लोबुशारच्या कोपऱ्यात होते, बास्केटबॉलच्या खांबाखाली. पहिल्या मोजणीत आम्ही 22. मग पंधरा मिनिटं नुसती धावपळ. बायडन यांचा कोपरा मोडला होता, यांगचा मोडला होता, त्यांच्यामागे आम्ही लागलो. मी जन्मात कधी अनोळखी माणसाला "आमच्याकडे या हो" म्हणून हात धरून आणलं नव्हतं. त्या रात्री दोघांना आणलं! इतरांनीही आणले. 23, 26, 29, 31.

आणि तिथेच थांबलं. तेहतीस हवे होते, एकतीस होतो.

आता त्या फोनबद्दल. सातला वीस मिनिटं कमी असताना मी आजच्या याच यजमानीणबाईंना फोन केला होता. नवराबायको दोघं नागरिक, आमच्याच प्रीसिंक्टमधले (मतदान विभागातले), शाळेपासून दोन गल्ल्यांवर घर. आठवडाभर "नक्की येतो" चाललं होतं. फोनवर म्हणाली, "अगं, थंडी बघ ना किती. आम्ही टीव्हीवर बघतोय."

टीव्हीवर काय बघत होते? आयोवाचं कॉकस! आणि ते तर दोन गल्ल्यांवर चाललं होतं.

नंतर रात्रभर मी हिशेब करत बसले होते. दोघं आले असते तर हजेरी 216 झाली असती. त्याचे 15 टक्के 32.4, म्हणजे तरीही 33च. आमचा कोपरा टिकला असता. हा हिशेब मी आजवर त्यांना सांगितलेला नाही. आज सांगतेय.

कुणी म्हणेल, टिकून काय झालं असतं? महिन्याभरात क्लोबुशार बाहेर पडल्या, आयोवात चौथे आलेले बायडन साउथ कॅरोलायनाच्या प्रायमरीनंतर सुसाट सुटले आणि तेच उमेदवार झाले. बरोबर आहे. मान्य. पण साउथ कॅरोलायनातसुद्धा माणसं घराबाहेर पडली म्हणूनच ते सुटले ना?

माझा राग एकाच गोष्टीवर आहे. आपल्याला उमेदवारीची लढत फार आवडते, पण फक्त मनातली. जी माणसं उभी राहणारच नाहीत, त्यांना आपण निवडून आणतो. मिशेल ओबामांनी किती वेळा सांगितलं की मला उभं राहायचं नाही, तरी दर चार वर्षांनी त्यांचं नाव यायचंच. 1991 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारियो कुओमो यांच्यासाठी ऑल्बनीच्या विमानतळावर विमान तयार ठेवलं होतं. न्यू हॅम्पशरला जाऊन अर्ज भरायचा तेवढाच राहिला होता. अख्खा देश त्यांना उमेदवार धरून बसला होता. ते विमानात बसलेच नाहीत. ज्यांनी बर्फ तुडवत प्रचार केला त्यांच्यातून बिल क्लिंटन आले. कॉलिन पॉवेल यांचंही तेच. 1995 भर लोकांनी त्यांना मनातल्या मनात राष्ट्राध्यक्ष केलं, नोव्हेंबरात त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

आणि आपले लोक! 2024 च्या जानेवारीत पुण्यातल्या आमच्या कौटुंबिक ग्रुपवर विवेक रामस्वामी जवळजवळ जिंकलेच होते. इथे रिपब्लिकन कॉकसच्या रात्री हाडं गोठवणारी थंडी होती. त्यांना आठ टक्केही मतं पडली नाहीत आणि त्याच रात्री त्यांनी माघार घेतली. ग्रुपवर दुसऱ्या दिवशी "असं कसं झालं?" असं कसं म्हणजे? त्यांच्यासाठी जिममध्ये, चर्चमध्ये जाऊन बसणारी माणसं कमी पडली, म्हणून झालं. पक्ष कुठलाही असो, मोजतात ती माणसं, फॉरवर्ड नव्हेत.

कमला हॅरिस यांचंही मला अजून लागतं. 2019 च्या उन्हाळ्यात आयोवात आल्या तेव्हा आपल्यातल्या किती जणी त्यांच्याबरोबर फोटो काढायला धावल्या होत्या. 3 डिसेंबरला, एकही मत पडायच्या आधी, पैसे संपले म्हणून त्यांनी माघार घेतली. फोटोंना लाइक भरपूर मिळाले होते. त्या फोटोवाल्यांपैकी किती जणींनी दहा डॉलर पाठवले होते, हे मी तेव्हा विचारलं नाही. मीही पाठवले नव्हते, हे इथे लिहायलाच हवं.

थांबा, पाणी पिऊन येते.

हा हक्क आयता मिळालेला नाही, म्हणून एवढं पोटतिडकीनं बोलते. पूर्वी उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरायचा, पुढाऱ्यांच्या खोलीत. 1924 मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅट्सनी उमेदवार ठरवायला 103 फेऱ्या घेतल्या. शेवटी ज्यांच्यासाठी भांडले ते दोघंही बाजूला पडले आणि जॉन डेव्हिस नावाचे तिसरेच गृहस्थ उभे राहिले आणि हरले. 1968 तर अंगावर काटा आणतं. न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या युजीन मॅकार्थींना 42 टक्के मतं पडली आणि त्याच मार्चच्या अखेरीस जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही म्हणून जाहीर केलं. केवढी ताकद त्या मतपेट्यांची! मग जूनमध्ये कॅलिफोर्निया जिंकल्याच्या रात्री रॉबर्ट केनेडींना गोळ्या घातल्या. आणि ऑगस्टमध्ये शिकागोला उमेदवारी कुणाला? जॉन्सन यांचे उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हंफ्री यांना, जे एकाही प्रायमरीत उतरले नव्हते. बाहेर रस्त्यावर पोलीस निदर्शनं करणाऱ्या पोरांना बडवत होते. त्या संतापातून पक्षाला नियम बदलावे लागले आणि उमेदवार ठरवण्याचं काम तुमच्याआमच्या हातात आलं. केनेडी जगले असते तर काय झालं असतं, यावर लोक आजही रात्ररात्र बोलतात. मीही बोलते. पण बोलून झाल्यावर नोंदणी केलेली असली पाहिजे ना!

1972 मध्ये शर्ली चिझम उभ्या राहिल्या. काळी बाई, ब्रुकलिनची, आधी बालवाडीतली शिक्षिका. सगळ्यांनी सांगितलं, कशाला? अधिवेशनात दीडशेच्या वर डेलिगेट्सनी (निवडून आलेल्या प्रतिनिधींनी) त्यांच्या नावाला मत दिलं. कुणीतरी त्यांच्या कोपऱ्यात उभं राहिलं, म्हणूनच.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर उद्या कमेंटमध्ये मलाच शिकवाल. कॉकस सोयीचं नव्हतं. रात्रपाळीच्या नर्सनं संध्याकाळी सातला कुठे यायचं? तान्हं मूल असलेलीनं? आयोवा बहुतांश गोऱ्यांचं राज्य, त्याला देशात सगळ्यांच्या आधी कौल द्यायचा पहिला मान कशाला, हा आक्षेपही खोटा नाही. 2020 च्या त्या रात्री निकाल कळवायचं अ‍ॅप कोलमडलं आणि जगभर हसू झालं. 2024 ला डेमोक्रॅट्सनी आमचा पहिला नंबर काढून साउथ कॅरोलायनाला दिला आणि इथे पोस्टानं पसंती मागवली. ठीक आहे. न्याय्य असेल. मला मात्र त्या पाकिटात पसंती भरताना रडू आलं होतं.

आणि ज्यांच्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे, व्हिसा आहे, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा नवरा त्या रात्री ग्रीन कार्डवरच होता. मला सोडायला आला आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर दीड तास बसून राहिला. वरून बोटं दाखवून आकडे सांगत होता. 29 ला त्याचा चेहरा असा काही फुलला होता की जणू त्यालाच तिकीट मिळालंय.

आमच्या कोपऱ्यात एक आजी होत्या. ऐंशीच्या पुढच्या, गावाबाहेरच्या शेतातल्या, पायात बर्फाचे जाड बूट, हातात स्वतः विणलेले मोजे. त्यांनी मोठ्या डब्यातून ओटच्या वड्या आणल्या होत्या आणि विरोधी कोपऱ्यांतही वाटत फिरत होत्या. मला म्हणाल्या, 1976 ला जिमी कार्टर त्यांच्या शेजाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत आले होते. वीसेक माणसं होती, बोलून झाल्यावर त्यांनी एकेकाचा हात हातात घेतला. कार्टर तेव्हा लोकांच्या घरी मुक्काम करायचे आणि सकाळी स्वतःचं अंथरूण स्वतः आवरायचे. देशात त्यांना कोणी ओळखत नव्हतं. कॉकसमध्ये पहिला नंबर तर "अजून ठरलं नाही" म्हणणाऱ्यांचा आला, 37 टक्के. कार्टर त्यांच्याखाली. तरी तिथून ते थेट व्हाइट हाउसला गेले. आजी म्हणाल्या, तेव्हापासून मी एकही कॉकस चुकवलं नाही.

31 वर थांबल्यावर त्या आजींनी एकदा दाराकडे बघितलं. दार सातला बंद झालेलं होतं. मीही बघितलं. त्या दोघांच्या घरातला टीव्ही मला त्या क्षणी दिसत होता. मग आजी म्हणाल्या, चल, आता पीट बुटिजेजच्या कोपऱ्याकडे जाऊ. आणि माझ्या दंडाला धरून त्या जिमच्या पलीकडच्या टोकाला चालू लागल्या. पस्तीस पावलं असतील. आयुष्यात इतकं हरल्यासारखं आणि त्याच वेळी इतकं इथलं झाल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

लिहिता लिहिता राग बराच उतरलाय. यजमानीणबाई, तू हे वाचणार आहेस. माझ्या बाळंतपणात तू रात्री अकराला खिचडी घेऊन आली होतीस, त्या वेळी थंडी उणे वीस होती. ते मी विसरलेले नाही. म्हणूनच त्या दिवशीचं जास्त लागलं. तू थंडीला घाबरणारी नाहीस. तुला फक्त वाटलं की तिथे आपलं काय काम.

एक राहिलं. आम्ही निघायच्या तयारीत होतो तेव्हा त्यांची लेक स्वयंपाकघरात आली. 2020 ला अकरा वर्षांची होती, आता सतराची आहे, ऑक्टोबरात अठरा पुरी होतील. म्हणाली, "मावशी, तू मघाशी चिडलीस ना? त्या जिममध्ये नक्की काय करायचे?" मी सांगितलं, की नोव्हेंबरच्या आत अठरा पुरी होणार असतील तर जूनच्या प्रायमरीत तुलाही मत देता येतं. तिला खरंच माहीत नव्हतं. मग ओट्यावर वाण लुटून उरलेले तिळाचे लाडू होते, ते मोजले. वीस. मी म्हटलं, ही वीस माणसं समज, 15 टक्के म्हणजे तीन. आम्ही लाडवांचे ढीग केले. सात, सहा, पाच, दोन. दोनाचा ढीग मोडला.

ती ते दोन लाडू हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, "मग यांना कुठे ठेवायचं?"

"ते त्यांना विचारायचं," मी म्हटलं.

तिनं ते तसेच हातात धरले आणि बाहेरच्या खोलीत आईबाबांकडे गेली.