पोटावरची वाटी

मान आखडलीये आणि रात्री तीनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, एवढंच मी जेवताना बोललो, तर सूनबाईनं ताट उचलायच्या आत मोबाईलवर साउंड हीलिंगचं सेशन बुक करून टाकलं. पंधराशे रुपये, एक तास, नुसतं आडवं पडायचं. अहो पंधराशेत आमचं अख्खं घर इथे इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, पोटभर खाऊन येतं, पण म्हटलं जाऊ दे, पोरगी मनापासून करून राहिलीये.

रविवारी सकाळी पोहे-जलेबी हाणून (ही चूक पुढे नडली) विजयनगरला पोचलो. वरच्या मजल्यावर हॉल, चटया, उदबत्ती, पंधरा-वीस माणसं आधीच शवासनात. समोर ओळीनं वाट्या मांडलेल्या, लहान-मोठ्या, त्यांना सिंगिंग बाउल म्हणायचं. एक उचलून बघितली तर अस्सल कासं! साधारण 78 टक्के तांबं, बाकी कथील. रामबागेच्या वाड्यात उन्हाळ्यात डोळ्यांची आग व्हायला लागली की आजी तळपायाला तूप लावून हीच काशाची वाटी घासायची, तळवे काळेकुट्ट व्हायचे आणि आम्ही तिथेच आडवे. फी एकच, दुसऱ्या दिवशी वाटी चिंचेनं आपणच घासायची.

शिकवणारी पोरगी गोड होती. "अंकल, हमारी बॉडी में सिक्स्टी परसेंट पानी है, हर वाइब्रेशन अंदर तक जाता है." माझ्यात त्या वेळी साठ टक्के पोहे होते, पण गप्प बसलो.

येण्याआधी मी थोडं वाचलं होतं. नॉर्वेत 1980 च्या दशकात ओलाव स्किल्ले नावाच्या माणसानं स्पीकरमधून 30 ते 120 हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचे, खर्जातले सूर थेट अंगात सोडायला सुरुवात केली, त्याला व्हायब्रोअकूस्टिक थेरपी म्हणतात. आता मी वीज मंडळात एकतीस वर्षं काढली. आपली लाइन 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो दुपटीनं, म्हणजे 100 वर. याचा अर्थ सबस्टेशनला मी एकतीस वर्षं फुकटात थेरपी घेतली, आणि बीपीची गोळी तिथेच लागली!

तर डोळे मिटले, तिनं एक जड वाटी माझ्या पोटावर ठेवली आणि गादी गुंडाळलेल्या दांड्यानं हळूच ठोकली. टण्णन्नन्न. खरं सांगतो, बरं वाटलं, मणक्यापर्यंत मुंग्या आल्या. "विचार आएँगे, आने दीजिए, जाने दीजिए." आले की! स्कूटर नो पार्किंगमध्ये तर नाही ना लावली, वरची टाकी भरायला मोटर चालू केली होती ती बंद कोणी केली, असे एकेक येऊन बसले, जायचं नाव कोणी घेईना. तेवढ्यात खाली कचरागाडी गाणं वाजवत आली, शेजारच्या चटईवरचे काका तिच्या ठेक्यात घोरायला लागले, आणि मला जे हसू फुटलं ते दाबता दाबता पोट असं गदगदलं की वाटी उतारावरून सुटली, थेट मार्बलवर. ठण्णाण्णSSS! घरंगळत पार दारापर्यंत.

मी डोळे घट्ट मिटून मेल्यासारखा पडून राहिलो. कोणी हललंसुद्धा नाही.

शेवटी सगळे उठून बसले, एकेकाला अनुभव विचारला. कोपऱ्यातल्या जोशीकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "बाकी सब ठीक था बेटा, पर वो बीचवाला जो बड़ा आवाज था ना, वो सीधा घुटने में उतरा. अगली बार वो दो बार करना."